आतून विचारलं तर

मार्केट यार्डात, हळदीच्या सौद्यांच्या गल्लीत,
आरवाडे आणि मंडळी, पहिला मजला.
एकोणीसच्या पुरापासून सर्व्हर कपाटाच्या डोक्यावर बसवलाय.
झाकण काढलं तर आतल्या पंख्याची पाती पिवळीधमक,
माझ्या बोटांना हळद लागली
आणि बिरनाळेबाई हिशेबातनं मान वर न करता म्हणाल्या,
"आता उरकूनच टाका त्याचं लग्न."

तक्रार अशी:
आपली वेबसाइट जगाला दिसते, आपल्याला दिसत नाही.
निजामाबादचा व्यापारी फोनवर वाचून दाखवतो
आमचेच भाव आम्हाला.

रोज साडेदहाला बिरनाळेबाई चप्पल घालतात,
जिना उतरून हमालांच्या चहागाड्यापाशी जातात,
वायफाय बंद करून, उन्हात,
मोबाइलवर पदराची सावली धरून
राजापुरी, सेलम, कणी
कागदावर उतरवतात
आणि वर येऊन तो कागद टाइप करतात
ज्यांचा तो असतो त्यांच्याच कॉम्प्युटरवर.
तीन महिने.
तोवर शेठनी राउटर दोनदा बदलला, इंटरनेटवाल्याला
सात पिढ्या ऐकवल्या, एकदा नारळही फोडला.

मी काळ्या खिडकीत नाव लिहून विचारलं, हे राहतं कुठं?
आतल्या सर्व्हरनं डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगितलं:
असं कुणी नाही.
तेच नाव माझ्या मोबाइलच्या डेटावरून विचारलं.
पत्ता आला. चार आकडे, मध्ये टिंबं.

दोघंही खोटं बोलत नव्हते.
आठ वर्षांमागं तौफिक मुजावर नावाच्या पोरानं
आतल्या नेटवर्कला बाहेरच्या साइटचंच नाव ठेवलं,
लक्षात ठेवायला सोपं म्हणून, आणि दुबईला गेला.
तेव्हापासून आतला सर्व्हर त्या नावाचा मालक.
त्याच्या वहीत प्रिंटर आहे, टॅली आहे,
खालच्या वजनकाट्याचा कॉम्प्युटर आहे.
वेबसाइट नाही.
नुसतं "मला माहीत नाही" म्हणता आलं असतं
तर त्यानं बाहेर चौकशी केली असती.
हवामान विचारा, तो बाहेर विचारून सांगतो.
रेल्वेचं तिकीट विचारा, तेही.
फक्त स्वतःच्या नावाचं कुणाला विचारत नाही.
मालक कशाला विचारेल?

इथं मी जरा थांबलो.
मी सांगलवाडीचा. यार्डात कुणी विचारलं कुठले,
तर म्हणतो पुलापलीकडचा.
पुण्यात विचारलं तर सांगली.
आणि आमच्या दारात जाऊन माझं नाव विचारलंत
तर दादा उंबऱ्यातनंच सांगतील,
असं कुणी नाही इथं.
खोटं नाही बोलत ते. ओळ खोडली त्याला सहा वर्षं झाली,
माझं लग्न झालं त्याच आठवड्यात.

बाई म्हणाल्या, "अडलं काय?"
अडलं काही नव्हतं. एकच ओळ लिहायची होती.
डावीकडं नाव, उजवीकडं बाहेरचा पत्ता.
मग एकेका टेबलावर जाऊन
कॉम्प्युटरांनी धरून ठेवलेला जुना नकार पुसायचा.
साइट उघडली. वरती पिवळ्या अक्षरांत आरवाडे,
खाली कालचे भाव.
शेठ आपल्याच दुकानाचा फोटो बराच वेळ बघत बसले,
पाहुण्यांच्या घरी बसतात तसे.

मी सांगितलं, उद्या वेबसाइटनं घर बदललं
तर ही ओळ हातानं बदलायची,
आतल्याला कळवायला कुणी येणार नाही.
त्यांनी ते कॅलेंडरवर लिहिलं,
कुठल्या तारखेला लिहावं ते न कळून
आजच्याच चौकटीत.

दुसऱ्या दिवशी बिलासाठी गेलो. साडेदहा.
बिरनाळेबाई चहागाड्यापाशी, मोबाइलवर पदर.
"वर उघडत नाही का?"
"उघडती की," म्हणाल्या, आणि पदर आणखी जरा पुढं ओढला.

मीपण एक चहा सांगितला.
तिथनं पूल दिसत नाही.